चौथ्या जोडीची जागा

कुठलंही काम सुरू करण्याआधी अंकल बुटाची टाच दोनदा जमिनीवर आपटायचे. टक् टक्. ऑकलंडमधल्या पेनरोजच्या आमच्या डेपोत फोर्कलिफ्टवर चढताना, चहाचा मग उचलताना, सहीसाठी माझ्या टेबलापाशी आल्यावरसुद्धा. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "बाई, समोरच्याला कळायला नको, आपण आलोय ते?"

अंकल दमणचे. मुंबईच्या गोदीत वीस वर्षं काढल्यामुळे मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. पोर्तुगीज दमण सोडून गेले, पण त्यांचे नाच तिथल्या लोकांच्या पायांत राहिले. ते इथेही टिकावेत म्हणून अंकलनी दर रविवारी दुपारी हिल्सबरोच्या एका हॉलमध्ये आम्हा सहा जणांना पकडून आणलं. त्यात मी आणि माझा नवराही.

तुम्हीच मोजा. अंकल धरून चार पुरुष आणि आम्ही तिघी बायका. चौथी जागा रिकामी. नाचणारं कोणी वारलं की दमणला अंकलच्या वाड्यात वर्षभर त्याची जागा भरत नसत म्हणे. अंकलनी बायकोची जागा नऊ वर्षं राखली होती. ते आधी इथे आले, मागाहून तिला बोलावणार होते. ती तिकडे आजारी पडली आणि यांच्या हाती तिकीट येईपर्यंत सगळं संपलं होतं.

नाचात बायका जागेवर राहतात आणि पुरुष दर फेरीला एक जागा पुढे सरकतात. त्यामुळे रिकाम्या जागेसमोर प्रत्येकाला पाळीपाळीने हात उंचावून नाचावं लागे. सुरुवातीला सगळे हसायचे. मग एकदा नवऱ्याने सहज विचारलं, "अंकल, आंटी उंचीला केवढ्या होत्या हो?"

अंकलनी स्वतःच्या छातीपाशी हात धरला. "एवढीशी. तुम्ही बरोबर वाकता की तिच्यासमोर. सगळेच वाकतात."

नवरा माझा पक्का इंजिनिअर. त्या दिवशी घरी जाताना गाडीत त्याने रेडिओसुद्धा लावू दिला नाही.

शेवटच्या फेरीत जो तो आपल्या पहिल्या जोडीदारापाशी परततो. पुरुषाने टाच वाजवायची, बाईने तसंच उत्तर द्यायचं, अशी रीत. आमचं झालं की अंकल सगळ्यांना गप्प करत, रिकाम्या जागेसमोर टाच आपटत आणि कान देऊन उभे राहत.

"उत्तर देत नाही अजून," म्हणायचे. "रुसलीय. मी पोचलो नाही ना वेळेवर."

आम्ही जिथे नाचणार होतो तो बहुसांस्कृतिक मेळावा दोन आठवड्यांवर आला आणि अंकलच्या हृदयाने दगा दिला. हॉस्पिटलमध्ये माझा हात धरून म्हणाले, "बाई, माझी जागा भरू नका. मला तिच्यापर्यंत पोचायचंय." पाच दिवसांनी ते गेले.

"माझा एक कलीग रेडी आहे," आमच्यातला एक जण म्हणाला. "स्टेप्स पटकन पिक करेल. दोन दोन गॅप्स स्टेजवर फार ऑड दिसतील."

"दिसू देत," मी म्हणाले. इतकी कडक मी डेपोतही कधी बोलले नव्हते.

दोन जागा रिकाम्या ठेवून आम्ही नाचलो. अंकलची जागा सरकत सरकत माझ्यासमोर आली तेव्हा मी हात उंचावला आणि मला रडू आवरेना. शेवटची फेरी संपली, संगीत थांबलं. पुरुषांनी टाचा आपटल्या, आम्ही उत्तर दिलं आणि सवयीने सगळे गप्प उभे राहिलो.

चौथ्या जोडीच्या जागेवर लाकडी फळ्या वाजल्या. टक् टक्.

मी अंकलसारखाच कान दिला.

मग अगदी हलक्या, लहान टाचेचे दोन ठोके आले.