वळणावरची झाडं आणि तात्यांच्या शिव्या

जाळीवाले तात्या झाडांना शिव्या द्यायचे. माणसांना नाही, गुराढोरांना नाही, फक्त झाडांना. त्याही जगातल्या सगळ्या झाडांना नव्हे हं, पाटाच्या वळणावर उभी होती तेवढ्यांनाच.

ही भानगड समजायला आधी पाट समजून घ्यावा लागेल. गाव डोंगराच्या पायथ्याशी. वरून नदी उतरते. तिच्यातलं थोडं पाणी गावानं पाटानं वळवून एका जाड पाइपात सोडलंय. पाइप खाली एका खोलीत जातो, तिथे चक्र फिरतं, आणि त्या चक्रावर अख्ख्या गावाची वीज. पाणी आपलं काम करून पुन्हा नदीला मिळतं. धूर नाही, राख नाही. पाइपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे, आणि त्या जाळीवर तात्या असायचे.

काम ऐकायला सोपं वाटतं. पाटातून वाहत आलेली पानं जाळीला चिकटतात, ती लांब दांड्याच्या दाताळ्यानं ओढून काढायची, बस्स. पण नाही काढली तर पाणी अडतं, चक्र मंदावतं आणि गावातले दिवे डोळे मिचकावायला लागतात. गिरणी अर्धवट दळून मध्येच बसते. मग घराघरातून एकच हाक उठायची, "तात्या कुठे मेले?"

तात्या कुठे मरायला जातात? ते गुडघाभर पाण्यात उभे राहून झाडांचा उद्धार करत असायचे. "मेल्यांनो, तुम्हाला दुसरा उद्योग नाही का रे? सकाळी साफ करून गेलो ना? कुऱ्हाड घाला कुणीतरी यांच्या मुळावर, सुटेन मी एकदाचा!" कपडे धुवायला नदीवर आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पानगळीच्या दिवसांत तर तात्यांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा.

खरं तर ही झाडं तिथे असायचीच नव्हती. पाट खणायचा तेव्हा आखणी सरळ त्यांच्यामधूनच गेली होती. झाडं पाडायची की पाट वळवायचा, यावरून गावात रण माजलं. शेवटी पाट वळवायचं ठरलं, म्हणजे खणाई वाढली, आणि तीही खडकात. तात्या तेव्हा ऐन जवानीत होते. पहार आपटत म्हणाले, "एवढा वळसा घालायला ती काय गावाची जावई लागून गेलीत?" पण त्या वळणातला सगळ्यात कठीण खडक फोडला तो त्यांनीच. बोलायचं एक आणि करायचं दुसरं, हा त्यांचा जुनाच स्वभाव.

त्याच वेळी गावानं दोन गोष्टी ठरवल्या. एक म्हणजे, आधी नदी, मग पाट. उन्हाळ्यात नदी रोडावली की गिरणी बंद ठेवायची, पण नदीचं पात्र कोरडं पाडायचं नाही. आणि दुसरी, पाटाकाठचं झाड तोडायचं झालं तर जाळीवरच्या माणसाचा होकार पाहिजे. त्या झाडाचा रोजचा जाच त्यालाच, तेव्हा निवाडाही त्याचाच.

आता वीज समितीची अध्यक्ष म्हणजे तात्यांची सख्खी भाची. गाव तिला ताई म्हणतं, तात्या कार्टी म्हणतात. बाप लवकर गेला, म्हणून ती मामाच्याच घरात लहानाची मोठी झाली. मामाच्या खांद्यावर बसून तिनं जाळी पाहिली, आणि त्या शिव्याही ऐकल्या.

तोच खांदा पुढे निकामी झाला. ओल्या कठड्यावरून तात्यांचा पाय सटकला आणि ते उजव्या अंगावर पडले. डॉक्टरांनी सांगितलं, हात वर न्यायचा नाही, ओढाताण करायची नाही. तात्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी डाव्या हातानं दाताळं धरलं. डाव्या हाताला ते जमेना. दिवे डोळे मिचकावायला लागले, गिरणी बसायला लागली. पण आता "तात्या कुठे मेले" असं कुणी म्हणेना. सगळे समजूतदारपणे गप्प बसले. ते गप्प बसणं तात्यांच्या फार जिव्हारी लागलं.

आणि एका सकाळी भाची हसत हसत घरात शिरली. "मामा, तुमची सुटका केली मी! समितीत ठरलंय, वळणावरची झाडं काढून टाकायची. पानंच नाहीत म्हटल्यावर ओढायचं काय? एका हातानं, बसल्या जागी जाळी सांभाळाल. उद्या बैठकीत फक्त हो म्हणा."

"कुणी शिकवला तुला हा शहाणपणा?"

"तुम्हीच! कळायला लागल्यापासून ऐकतेय, कुऱ्हाड घाला, कुऱ्हाड घाला. म्हटलं, मामांसाठी एवढं तरी करावं."

तात्यांनी दुखरा खांदा चोळला. "आणि नाही म्हटलं तर?"

भाचीचा चेहरा पडला. "मग जाळीवर दुसरं माणूस ठेवावं लागेल, मामा. गिरणीवाल्याची सून तयार आहे. पण मला ते नकोय. जाळी म्हणजे तुम्ही."

झालं! तात्या चांगलेच कात्रीत सापडले. होकार दिला तर जाळी राहते, झाडं जातात. नकार दिला तर झाडं राहतात, जाळी जाते. आणि जाळीवाल्या तात्यांची जाळी काढून घेतली तर उरतं काय? नुसते तात्या. तसले तात्या गावात गल्लोगल्ली आहेत.

ते उठून वळणावर गेले. झाडांची मुळं पाटाच्या काठात घट्ट रुतलेली, सावलीत पाणी गारेगार. तात्यांनी रागवायचा प्रयत्न केला. "केलंत ना माझं वाटोळं? आता तरी समाधान झालं?" एवढ्यात एक पान गळून पाटात पडलं. सवयीनं त्यांनी उजवा हात पुढे केला आणि खांद्यातून अशी कळ आली की ते मटकन खाली बसले. तिथेच त्यांना रडू फुटलं. खांद्यासाठी की कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "हो म्हणून टाका की. जन्मभर तेच तर मागत होतात."

"तूसुद्धा? मी कसा बोलतो हे तुला माहीत नाही?"

"मला नाही तर कुणाला? माझ्यावरही रोज खेकसता. उद्या मला कुणी तोडायला आलं तर काय कराल?"

तात्या चहा न पिताच उठले.

बैठक वीजघराच्या अंगणात भरली. मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, म्हणा की पटकन, कुऱ्हाडींना धार लावून ठेवलीय!" लोक हसले. तात्या उभे राहिले. डाव्या हातात दाताळं होतं.

"नाही," ते म्हणाले.

भाची म्हणाली, "अहो मामा, पण तुम्ही रोज..."

"रोज म्हणतो. उद्याही म्हणेन. इतकी वर्षं त्या पाण्यात एकटा उभा आहे मी, तिथे बोलायला दुसरं होतं कोण? आवडतात मला ती झाडं. आणखी कसं सांगू? त्यांना हात लावायचा नाही." मग ते चालत गिरणीवाल्याच्या सुनेपाशी गेले आणि दाताळं तिच्या हातात दिलं. "दांडा सैल झालाय, पाचर मारून घे," म्हणाले आणि कुणाकडे न बघता घरी गेले. भाची हुंदके देत तिथेच बसली होती.

पानगळ आली. पहिले काही दिवस तात्या ओट्यावर बसून राहिले. भाची रोज येई, चहा करी, दोघं इकडचं तिकडचं बोलत, जाळीचा विषय कुणीच काढत नसे. एका दुपारी गिरणीचा आवाज खाली खाली यायला लागला. गल्लीतल्या लोकांनी सवयीनं तात्यांच्या घराकडे पाहिलं. तात्यांनी पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालात?" बायकोनं विचारलं.

"पाय मोकळे करायला."

जाळीवर गिरणीवाल्याची सून गुडघाभर पाण्यात उभी होती. केस कपाळाला चिकटलेले, हाताला फोड आलेले. पानांचा ढीग बाहेर फेकता फेकता ती झाडांवर तोंड सोडत होती. "अरे मेल्यांनो, दम खाल की नाही जरा? कुऱ्हाडच घालायला हवी एकेकाच्या मुळावर!"

कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून तात्यांनी मागे वळून पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. मग ते हळूच कठड्यावर टेकले.

"पोरी, शिव्या दे. पोटभर दे," ते म्हणाले. "पण कुऱ्हाडीचं नाव काढू नकोस. लोक खरं मानतात."