नवसाची दाढी

दाढी मी भीतीपोटी वाढवली. डाव्या गालाला वस्तरा लागला की मी आरशासमोर मटकन खाली बसायचो. वस्तरा कशाला, साबणाचा फेसही पुरे व्हायचा. ओल्या हाताने बटण दाबल्यावर बसतो तसा झटका जबड्यापासून डोळ्यापर्यंत जायचा, एकामागून एक पाच-सहा, आणि मग एकदम काहीच नाही. सूज नाही, लाली नाही. दाखवायला काही नसलं की दुखणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. सुरुवातीला माझाही बसला नाही. दातच असणार अशी स्वतःची समजूत घालून मी मागचे दोन दात उपटून घेतले. दोन्ही ठणठणीत निघाले.

कामगारांच्या खिशात मोबाइल नुकते दिसू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही चेन्नईत पेरंबूरला राहायचो आणि मी कंपनीच्या बसने गुम्मिडिपूंडीला एका लोखंडाच्या कारखान्यात जायचो. तिथे मी क्रेन चालवत असे. शेडच्या छपराखाली रुळांवरून धावणारी क्रेन, तिला लटकलेली केबिन आणि केबिनमध्ये मी. सांगलीहून आलो तेव्हा मला तमिळचा गंध नव्हता. खाली काम करत होतो तोवर चार वर्षं सगळ्यांनी माझ्या बोलण्याची यथेच्छ टर उडवली. क्रेनवर चढलो आणि सुटलो. वर बोलायचंच नसतं. खाली साखळ्या बांधणारा खलाशी हाताने खुणा करतो, बोट वर म्हणजे उचल, मूठ म्हणजे थांब, आणि आपण लिव्हर हलवायची. आठ वर्षं माझा खलाशी एकच होता. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, किडकिडीत, दोन मुलींचा बाप. आम्ही बोललो फार थोडं, पण त्याचे हात मी माझ्या बायकोच्या हातांपेक्षा जास्त पाहिले असतील.

नसांच्या डॉक्टरांनी दुखणं पाच मिनिटांत ओळखलं. चेहऱ्याची नस. गोळ्यांनी दबेल म्हणाले, पण गुंगी येईल, तोल जाईल. "गाडी चालवता का? एखादं यंत्र?"

"ऑफिसात बसतो," मी म्हणालो.

बायको शेजारच्याच खुर्चीत होती. बसस्टॉपवर म्हणाली, "अहो, ऑफिसात कधीपासून बसायला लागलात तुम्ही?" मी तिच्यावर खेकसलो आणि त्याची शिक्षा जागच्या जागी मिळाली, कारण तोंड जरा जास्त उघडलं की झटका ठरलेलाच. खरं कारण तिला माहीत होतं. मला खाली यायचं नव्हतं. खाली आलो की पुन्हा बोलावं लागणार, आणि आता तर बोलणंही दुखत होतं.

मग मी चुकवाचुकवीत तरबेज झालो. दात बोटाने घासायचे, तेही उजवीकडचे. चूळ कोमट पाण्याची. भात मऊ कालवून उजव्या बाजूने गिळायचा. पापडाकडे बघायचंही नाही. झोपायचं ते उजव्या कुशीवर, उशीला टाचणी लावल्यासारखं एकाच ठिकाणी. बसमध्ये खिडकी नको, वाऱ्याची झुळूक गालावर आली की संपलंच. घरी बायकोने पंखा बंद करून टाकला. चेन्नईच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून जेवणारं आमचं एकमेव घर असेल. ती घामाने चिंब व्हायची आणि पदराने स्वतःला वारा घालताना पाठ माझ्याकडे करायची, चुकून वारा माझ्याकडे यायला नको म्हणून. तिच्या त्या पाठीकडे बघून मला स्वतःचा राग यायचा. मे महिन्यात, ज्याला तिथे कत्तिरी म्हणतात त्या उन्हात, पत्र्याखालच्या केबिनमध्येही मी पंखा लावत नसे.

दाढी महिन्याभरात चांगली वाढली. एके दिवशी खलाशाने माझ्या गालाकडे बघत हात जोडले आणि हळूच विचारलं, "वेंडुदला?" म्हणजे नवस का. तिकडे नवसाची दाढी वाढवणारे पुष्कळ असतात, आणि नवस कशासाठी हे कुणी खोदून विचारत नाही. मी मान हलवली. त्यासाठी तोंड उघडावं लागलं नाही, एवढाच विचार तेव्हा मनात आला होता.

त्या दिवसापासून मी 'सामी', म्हणजे स्वामी, झालो. पाठीवर थाप मारायची सगळ्यांनी बंद केली. मी बोलत नाही ते व्रत म्हणून, कमी जेवतो ते उपवास म्हणून. कॅन्टीनवाला माझ्यासाठी बिनतिखटाचा भात वेगळा काढायचा. इतकी वर्षं माझी टर उडवणारे लोक जिन्यापाशी मला आधी जाऊ द्यायचे. मला हे सगळं आवडलं, हे कबूल केलेलं बरं.

पण वर केबिनमध्ये मला रोज भीती वाटायची. गोळी घेतली की शिडीच्या पायऱ्या डोळ्यांपुढे दोन-दोन दिसायच्या. अर्धी घेतली की झटके वाढायचे. मी रोज सकाळी गोळी हातात घेऊन ठरवायचो, आज कशाला भ्यायचं, गुंगीला की झटक्याला. बायको दारात उभी राहून विचारायची, "पूर्ण घेतली की अर्धी?" ती विचारते ते गोळीबद्दल नाही, हे मला कळायचं. मी चपला घालायचो. वर बसून लोखंड उचललं की नजर लोखंडावर असायची, पण सगळं लक्ष गालात. आत्ता येईल, आता येईल. घाम मानेवरून उतरायचा. खाली खलाशी मूठ वळायचा आणि मी थांबायचो, आणि दर वेळी वाटायचं, या वेळी निभावलं.

जुलैत एका गुरुवारी ते घडलं. सळयांचा मोठा भारा साखळ्यांत होता, माणसाच्या उंचीच्या थोडा वर. झटका आला आणि माझा हात आपोआप गालाकडे गेला. जाताना त्याने लिव्हर ओढली. भारा हातभर खाली आला आणि झोका घेऊन खलाशी उभा होता त्या जागेवरून गेला. तो बाजूला पडला होता, गुडघ्यांवर. मी दोन्ही लिव्हर सोडल्या आणि ओरडायला तोंड उघडलं, तर दुसरा झटका. तो उठला, पँट झटकली, वर पाहिलं आणि हात हलवला. काही नाही, चालू द्या. सगळ्यांना वाटलं त्याचाच पाय घसरला.

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या बाकावर येऊन बसला. मला वाटलं, आता हा विचारणार.

"सामी, तुमचा उपवास जास्त होतोय," तो म्हणाला. "अंगात ताकद राहिली नाही तुमच्या. डोळे भरून येतात, मी खालून बघतो. एकट्याने एवढा मोठा नवस ओढू नका. अर्धा मला द्या."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. माझं गप्प राहणं हाच त्याने होकार धरला. गप्प राहण्यात मी पटाईत झालो होतोच. शुक्रवारी आणि शनिवारी मी पुन्हा शिडी चढलो.

सोमवारी सकाळी मी केबिनमध्ये बसलो, पहिला भारा साखळ्यांत बांधून तयार होता. त्याने बोट वर केलं. मी भारा उचलला. मग त्याने खूण केली, थांब. मूठ वळलेली होती आणि चेहऱ्यावर हसू. त्याने हेल्मेट काढलं आणि डोकं वाकवून मला दाखवलं. गुळगुळीत तासलेलं, वर पिवळं चंदन फासलेलं. रविवारी बायकोमुलींना घेऊन तो वडपळणीच्या मुरुगनाच्या देवळात गेला होता आणि माझ्या नवसासाठी मुंडण करून आला होता. ते उघडं डोकं वरून मला तळहाताएवढं दिसत होतं, आणि त्याच्या जरा पुढेच माझा भारा लटकत होता.

मी भारा तसूतसूने जमिनीवर टेकवला. शिडी उतरायला मला किती तरी वेळ लागला. खाली येऊन मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं की हा नवस नाही. गालावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "वलि." दुखणं. चेहऱ्याची नस आहे, गोळ्यांनी चक्कर येते. गुरुवारी माझा हात सुटला. तुमचा पाय घसरला नव्हता. तेवढं सांगताना तीनदा झटका आला. तिसऱ्यांदा मी खांबाला धरून उभा राहिलो.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"फेब्रुवारी."

त्याने वर क्रेनकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या सळयांकडे. हेल्मेट घातलं. माझं मनगट धरून तो मला इंजिनिअरच्या खोलीत घेऊन गेला, आणि मी काही बोलायच्या आत त्यानेच सांगितलं. यांना चेहऱ्याच्या नसेचा आजार आहे, गोळ्यांनी चक्कर येते, हे स्वतःहून खाली आले. नवसाचं त्याने सांगितलं नाही. गुरुवारचंही सांगितलं नाही. माझं मनगट त्याने सगळा वेळ सोडलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्याने हात सोडला. "माझ्या दोन्ही मुलींनी काल तुमच्या नावाने कापूर लावला," एवढंच म्हणाला आणि शेडकडे गेला.

मला स्टोअरमध्ये बसवलं. खिडकीतून हातमोजे, साखळ्या, ग्रीस द्यायचं काम. बायकोने ते ऐकलं तेव्हा तिला देवघरापुढे बराच वेळ बसलेलं मी पाहिलं. दुखणं होतं तिथेच होतं, गोळी मात्र मी आता पूर्ण घ्यायचो. रोज सकाळी खलाशी खिडकीशी यायचा. पुन्हा त्याने मला कधी सामी म्हटलं नाही. "सार, ग्लव्ज," म्हणायचा. त्याचे केस हळूहळू वाढत होते आणि ते पुरते वाढेपर्यंत मला त्याच्या डोळ्यांकडे बघवलं नाही. सगळ्यांत मजबूत जोडी मी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलेली असायची. तो ती न बघता उचलायचा आणि क्रेनखाली जाऊन उभा राहायचा.