टेपबाईंचा खडक

टेपबाईंचं खरं नाव काय, असं विचारलंत तर त्या गल्लीतली अर्धी माणसं डोकं खाजवतील. कपडे लहान-मोठे करून देण्याचं त्यांचं दुकान. गळ्यात सकाळपासून इंचटेप, खिशात खडू, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडापेक्षा खांद्याच्या शिवणीकडेच जास्त लक्ष. मोठ्या बहिणीच्या लग्नातसुद्धा टेप गळ्यातच राहिली होती. फोटोत ती अजून दिसते.

ही मोठी बहीण म्हणजे ताई. तिने उभी हयात तलावावर लोकांना पोहायला शिकवलं. तीन वर्षांपूर्वी दोघींनी मिळून एक कयाक घेतली, म्हणजे वल्हवायची लांबट, चिंचोळी होडी. बंदराच्या उतारावरून ती पाण्यात ढकलायची, पुढे ताई, मागे टेपबाई, आणि मग दोन तास नुसता धुडगूस. पन्नाशी ओलांडलेल्या बायका आहोत हे दोघींच्या गावीही नसायचं.

मग गेल्या वर्षी ताई ओल्या फरशीवरून घसरली. हाड जुळलं, पण उजवा गुडघा वाकेना तो वाकेनाच. त्यात बंदराचा उतार मोठ्या बोटींसाठी राखून ठेवला गेला. उरला तो खडकाळ किनारा, जिथे धडधाकट माणूसही हातापायांवर उतरतो.

"विकून टाकू," ताई म्हणाली. तिने बेकरीवाल्याला रविवारी पाचला बोट बघायला यायला सांगितलंही होतं. 'विकून टाकू' हे ती अगदी सपाट आवाजात म्हणाली. रडली असती तर परवडलं असतं. बोट गेली की ताई खिडकीजवळच्या खुर्चीतून उठायची नाही, हे टेपबाईंना लख्ख दिसत होतं.

त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या आणि पहाटे ताडकन उठून बसल्या. बोटीत पाय पसरूनच तर बसायचं असतं! गुडघा वाकतोय कुणाचा तिथे? अडचण होती ती बसण्याआधीच्या दोन मिनिटांची. खुर्चीसारखा एक सपाट खडक हवा, पाण्यापासून बोटीच्या काठाइतका उंच. ताईने त्यावर बसायचं, दोन्ही पाय बोटीत टाकायचे आणि सरकायचं. बोटीचा काठ त्यांनी लगेच मोजला: बाजूवर उमटलेल्या पाण्याच्या जुन्या डागापासून नऊ इंच.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्या किनाऱ्यावर हजर. पहिला खडक निसरडा, दुसऱ्यावर लाटा आपटत होत्या, तिसऱ्यापर्यंत पोचताना चप्पलच वाहून गेली. एका पायात चप्पल अशा अवताराने त्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे आल्या. तिथून सिमेंटची रुंद वाट, चक्क कठड्यासकट, खाली उतरत होती. शेवटी दोन मोठ्या खडकांच्या आड एक खाच, आणि खाचेत कुणी रंधा मारून ठेवल्यासारखा सपाट दगड. टेपबाईंनी दोऱ्याचं रिकामं रीळ पाण्यात टाकलं. ते जागचं हललं नाही. म्हणजे पाणी शांत. टेप खाली सोडली. नऊ इंच! घड्याळात एक वाजला होता. आनंदाच्या भरात त्यांनी दगडावर खडूने मोठी फुली मारली आणि तशाच एका चपलेने दुकानात परतल्या.

ताईला मात्र काही सांगितलं नाही. आधी खात्री, मग बोलणं. एकदा कापड कापलं की कापलं.

शुक्रवारी पुन्हा एक वाजता गेल्या, आणि धक्काच बसला. फुली तीच, दगड तोच, पण पाणी कुठल्या कुठे खाली! टेप सोडली तर पाच फूट. ताईला काय आता दोरीने सोडायचं?

मटकन खाली बसल्या. पाण्याचाही राग आला, स्वतःचाही. सगळी हयात बघून-बघून दुकानाचं घड्याळ बघितलेलं. भरती-ओहोटी असते हे ठाऊक होतं, पण ती रोज वेळ बदलते हे कधी मनात शिरलंच नव्हतं. डबा उघडला आणि तसाच बंद केला. दुकानाच्या दारावर 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी लटकत होती. लटकू दे.

बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली. मघाशी उघडा असलेला काळा दगड आता पाण्याखाली होता. टेपबाईंनी खडू काढला आणि पाण्याच्या वर आडवी रेघ मारली. थोड्या वेळात ती पुसली गेली. तिच्या वर दुसरी. तीही गेली. पाणी चढत होतं! पाटीवरची पाच मिनिटं तासांवर गेली, दारात कोण कोण येऊन गेलं देव जाणे, आणि चार वाजून वीस मिनिटांनी टेपने दाखवलं: नऊ इंच. तिथेच ते थबकलं. पुढचा अर्धा तास जेमतेम बोटभर हललं.

शिवणकामात हिशेब पक्का लागतो. सोमवारी एक, शुक्रवारी चार वीस. चार दिवसांत दोनशे मिनिटं, म्हणजे रोज पन्नास मिनिटं उशीर. मग रविवारी? "सहा!" टेपबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की खडकावरचे पक्षी उडाले.

रविवारी पाचला बेकरीवाला आला, आणि त्याला काही कळायच्या आत बोटीचं पुढचं टोक त्याच्या खांद्यावर होतं.

"अहो, बोट बघायला बोलावलंत की हमाली करायला?"

"पाण्यात न घालता बोट घेणार? कपडा तरी अंगाला लावल्याशिवाय घेता का?"

"मला कशाला ओढतेस?" काठी टेकत ताई करवादली. "मी काय खडकावर नाचू?"

"नाचायचं नाही गं. बसायचंय फक्त."

कठडा धरून ताई सावकाश खाली आली. सहाला पाच कमी. पाणी दगडाखाली वीतभर, अगदी गुमान उभं. तरी टेपबाईंनी टेप सोडून दोनदा मोजलं. आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकाचं माप त्यांनी दोनदा घेतलं नव्हतं. बेकरीवाल्याने बोट घट्ट धरली. ताई फुलीवर बसली. डावा पाय आत. उजवा दोन्ही हातांनी उचलून आत. मग हातांवर भार, एक हिसका, आणि ती सरकून थेट सीटवर!

ताई आपल्या पायांकडे बघत होती.

"बघ गं," ती म्हणाली, "दोन्ही सारखेच दिसतात."

टेपबाई मागे बसल्या, म्हणजे जवळजवळ पडल्याच. ताईने वल्हं मारलं आणि खाचेतलं पाणी थेट बेकरीवाल्याच्या विजारीवर उडालं.

"अहो, पण बोट विकायची आहे ना?" तो खडकावरून ओरडला.

ताईने ऐकलं की नाही कोण जाणे. बोट खाचेबाहेर पडली होती, आणि वल्हं न थांबवता ती मागे न बघताच म्हणाली, "उद्या किती वाजता गं?"

"सहा पन्नासला," टेपबाई म्हणाल्या.