हमरापूरचा खिळा

गेल्या वर्षी हमरापूरहून गणपती घेऊन रोह्याला निघाले आणि रामवाडीजवळ गाडीचं मागचं चाक बसलं. पंक्चरच्या टपरीत पन्नाशीची एक बाई होती, लुगडं गुडघ्याशी खोचलेली. माझ्या आधीचा गाडीवाला तिच्याशी हुज्जत घालत होता. त्याच्या टायरला बाजूला भोक होतं.

"हितं रबर हलतं. भोकात दाबलेली दोरी रस्त्यात सुटंल. मी नाय करायची," म्हणाली आणि हत्यारं डब्यात टाकून खुशाल बसून राहिली. तो चडफडत गेला.

माझं चाक तिने चाचपलं. जमिनीला टेकतो त्या भागात, अगदी मधोमध खिळा निघाला.

"हमरापूरचा. मूर्तींच्या पेट्या ठोकतात ना, त्यातला."

खिळा उपटून तिने रबराची दोरी भोकात दाबली, हवा भरली, वर थुंकी लावली आणि कान टेकवला. बुडबुडा आला नाही.

"टिकेल ना? गाडीत देव आहे," मी म्हटलं.

"देव नसता तरी असंच केलं असतं गो. टायर झिजंल, ही दोरी सुटायची नाय."

यंदा मूर्ती घेऊन मुद्दाम थांबले. वर्षभर मला रोज शाळेत नेणारं तेच चाक तिला दाखवलं, एकदाही हवा उतरली नाही म्हणून सांगितलं. ती उकिडवी बसली, अंगठ्याने आपली दोरी शोधली, कान लावला. मग थाटात उठली, पदराला हात पुसले आणि तेव्हा कुठे गणपतीला नमस्कार केला.