दाराबाहेरच्या चपला

रोडपालीच्या त्या सोसायटीत दिवसाढवळ्या लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या, तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या सुलभाताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. कडी लावली ना, हे त्या दहादा उठून बघत. घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून त्यांनी वारलेल्या नवऱ्याच्या चपला दाराबाहेर ठेवल्या.

मासळी घेऊन आलेली जनी म्हणाली, “बाय, चपलांवर धूल बसलीय. चोराला काय डोले नाय?”

“तू तुझे बोंबील मोज,” सुलभाताई फणकारल्या.

पण त्या संध्याकाळपासून त्या रोज त्याच चपला, पायाला मोठ्या होत असूनही, फटाफट वाजवत बागेला फेरी मारू लागल्या. हळूहळू पायांना सवय झाली.

आता त्या दहादा उठतात ते कडी काढून, चपला जागेवर आहेत ना, हे बघायला.