रिकाम्या डब्याची खोली

मुलाखत सोमवारी होती. नोकरी लागली तर मी घरूनच काम करणार, नाही तर नवरा इथली शेंद्र्याची कंपनी सोडून पुण्याची नोकरी धरणार. मग आम्ही तिकडे आणि सासूबाई इथे एकट्या, कारण हे शहर त्या सोडणार नव्हत्या. याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

काम होतं ॲरे प्रकारच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. तिथे सगळा डेटा याद्यांत मांडतात आणि चिन्हं इतकी विचित्र की सासूबाईंनी विचारलं, "मोडी शिकायलीस का गं?"

मुलाखतीआधी एक प्रोग्रॅम लिहून ठेवायचा होता: यादीत यादी, त्यात आणखी यादी असली तर ती किती खोल आहे ते सांगणारा. मी ते डब्यांवर बसवलं. नुसता लाडू म्हणजे खोली शून्य. डब्यात लाडू म्हणजे एक. तो डबा मोठ्या डब्यात ठेवला की दोन. शेजारी सुटे लाडू असले तरी मोजायचं सगळ्यात खोलवरचं. म्हणून माझा प्रोग्रॅम आतल्या वस्तूंपैकी सर्वांत खोल वस्तू शोधायचा आणि तिच्या खोलीत एक मिळवायचा. उत्तरं बरोबर येत होती आणि मी भलतीच खुशीत होते.

रविवारी सासूबाई शेजारणीचा डबा परत करायला निघाल्या आणि साखर शोधू लागल्या.

"साखर संपत आलीय, द्या ना तसाच," मी म्हटलं.

"रिकामा डबा देतेत व्हय कुणी?"

मी हसले आणि हसता हसता थांबले. माझ्या माहेरीही हीच रीत. रिकामा डबा मी प्रोग्रॅमला कधी दिलाच नव्हता. धावत जाऊन रिकामी यादी दिली, तर उत्तर आलं उणे अनंत! आत काहीच नाही, तर सर्वांत खोल काय सापडणार? मग ही भाषा सगळ्यांत लहान आकडाच धरते. पण रिकामा झाला तरी डबा तो डबाच, त्याची खोली एक. मी ती चूक दुरुस्त केली.

सोमवारी पहिलाच प्रश्न आला: रिकामी यादी दिली तर? मी चालवून दाखवलं.

होकार आला तशा सासूबाई उठून आत गेल्या. त्यांनी तोंड शिवलेली काळ्या मसाल्याची भलीमोठी पिशवी आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

"पुण्याला तुमच्यासंगं द्यायला केला व्हता. आता उसव इथंच."

मला इतकं भरून आलं की कात्रीच सापडेना.