काठोकाठ

मिशालला बसवत नव्हतं. गादीवर बसवा, खुर्चीवर बसवा, घटकाभरात उठून येरझारा सुरू. बसलाच तर उजवा पाय आपोआप पुढे सरकायचा आणि जमिनीवर जोरात दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे. वीजखात्याच्या खिडकीवर तो लोकांच्या तक्रारी घ्यायचा. तिथेही टेबलाखाली हेच चाले. शेजारचा कारकून एकदा म्हणाला, "आता कितीही दाब बाबा, गाडी भंगारात जाऊन पडली." वर त्यानेच त्याला चहा पाजला.

गाडी पिवळीधमक होती. दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली. मिशालची आई तिच्यात एकदाच बसली आणि तिला बाहेर काढायला दोन माणसं लागली. जहरा गावात अर्ध्या पोरांचा जीव अशाच चाकांत अडकलेला असतो, त्यात नवल नाही. पण साध्या कारकुनाने ती घेतली म्हणून कौतुक जरा जास्तच झालं आणि त्या कौतुकाने पोरगं पार चढून गेलं.

हिवाळ्यात सगळं गाव वाळवंटात तंबू ठोकून राहतं. तसाच तोही सालमीच्या रस्त्याने तंबूकडे निघाला होता. शेजारच्या सीटवर फवाज, गल्लीतला, लंगोटीयार. मागून एक काळी गाडी आली आणि तिने दिवे मिचकावले. एवढंच. तेवढंही मिशालला सोसलं नाही. फवाज म्हणाला, "जाऊ दे ना त्याला." मग म्हणाला, "हळू, मिशाल." मग त्याने डॅशबोर्ड धरला. गाडी रस्ता सोडून वाळूत शिरली आणि उलटीपालटी होत गेली. मिशालच्या कपाळाला टाके पडले. फवाजचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. तो गावच्या संघाचा गोलरक्षक होता. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण काठी सुटणार नाही.

इस्पितळात वडिलांनी विचारलं, "झालं काय?" आणि मिशालच्या तोंडून निघून गेलं, "उंट आडवा आला."

बस्स. त्या उंटाने गावात जो जन्म घेतला तो घेतलाच. दुसऱ्या दिवशी तो पांढरा झाला. आठवड्याभरात त्याच्यामागे एक पिल्लूही चालू लागलं. मिशालच्या काकांनी तर उंट मोकळे सोडणाऱ्यांना भर बैठकीत शिव्या घातल्या. खरं माहीत असलेला माणूस एकच, आणि फवाज तोंडाला कुलूप लावून बसला होता. उंट होता म्हणाला नाही, नव्हता म्हणाला नाही. मिशालचा फोन मात्र घेत नव्हता. मिशालचा जीव टांगणीला लागला होता तो तिथे. गाडी गेली, नोकरी गेली असती तरी चाललं असतं. फवाज गेला तर काय उरतं?

शेवटी हेच काका, जर्राह, पुढे झाले. पांढरी दाढी, खणखणीत आवाज, तडजोडीत मुरलेला माणूस. मिशालचे वडील आणि चार वडीलधारी घेऊन ते फवाजच्या वडिलांच्या, अबू फवाजच्या, बैठकीत माफी मागायला निघाले. जाताना मिशालला दम भरला, "तू खाली मान घालून बसायचं. बोलणार मी."

ही बैठक मिशालची लहानपणापासूनची. आठ वर्षांचा असताना इथेच त्याने हौसेने पाहुण्यांना कहवा, ती कडू कॉफी, वाढला होता आणि एका मानाच्या पाहुण्याचा पेला तोंडापर्यंत भरला होता. कहवा तळाशी चार घोट ओततात, तो मान. काठोकाठ भरला की अर्थ एकच, पी आणि वाटेला लाग. पाहुणा ताडकन उठून चपला शोधू लागला. अबू फवाजनी हातापाया पडून त्याला बसवला. फवाज पडद्यामागे पोट धरून हसत होता. तेव्हापासून मिशाल दिसला की तो ओरडायचा, "काठोकाठ आला रे!"

आज फवाज आतल्या खोलीत होता. सगळ्यांसमोर कहवा आला. कोणी पेल्याला तोंड लावलं नाही. जर्राहकाकांनी पेला खाली ठेवला.

"कहवा घ्या," अबू फवाज म्हणाले.

"मागणं घेऊन आलोय, अबू फवाज. मिळाल्याशिवाय तुमचा कहवा घशाखाली उतरायचा नाही."

"घ्या कहवा. जे मागायला आलात ते दिलं. जनावर मध्ये आलं, त्याला पोरगं काय करणार? अल्लाहची मर्जी."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकून पेले उचलले. काकांनी दोन पेले रिचवले आणि तिसरा नको म्हणून रिकामा पेला बोटांत हलवला, पुरे म्हणायची ती रीत. मिशालच्या वडिलांनी डोळे पुसले. मिशालचा पेला मात्र तसाच. मांडी घातलेली असूनही त्याचा उजवा पाय पुढे सरकू पाहत होता.

"पी रे," काका दातांतून म्हणाले.

अबू फवाजचं लक्ष गेलं. "काय रे पोरा, अजून काही मागणं बाकी आहे?"

"उंट नव्हता," मिशाल त्यांना म्हणाला.

"गप!" जर्राहकाका खेकसले.

"नव्हता उंट. मी शर्यत लावली होती. फवाज नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही."

वडिलांनी मान इतकी खाली घातली की डोक्यावरचा रुमाल पुढे ओघळला. जर्राहकाकांना तर आपण प्यायलेला कहवा कुठे ठेवावा तेच कळेना. अबू फवाजचा राग चेहऱ्यावर चढला, मिशालने तो चढताना पाहिला.

"माझा शब्द देऊन झाला," ते शेवटी म्हणाले. "दिलेला मी परत घेत नाही, तुझ्या सुदैवाने. पण पाय माझा मोडलेला नाही." त्यांनी मिशालचा थंडगार कहवा ओतून टाकला आणि रिकामा पेला अन् कहव्याचं चोचीचं भांडं त्याच्या हातात दिलं. "ज्याचा मोडलाय त्याच्याकडे जा. त्याने ओतला तर पी."

फवाज पलंगावर उशांना टेकून बसला होता. पायात सळ्या. भिंतीपलीकडचं सगळं त्याने ऐकलं होतं, हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"एक महिना लागला तुला," तो म्हणाला.

"हो."

"लोक मला येऊन उंटाच्या गोष्टी सांगत होते. पिल्लाच्या सुद्धा. मी काय म्हणणार होतो? माझा दोस्त खोटारडा आहे म्हणून?"

मिशालने भांडं दिलं आणि पेला पुढे धरला. फवाजने ओतायला सुरुवात केली. तळ झाकला, अर्धा झाला, तरी तो थांबेना. पेला काठोकाठ भरला आणि गरम कहवा मिशालच्या बोटांवर सांडला.

दोघांनाही अर्थ शिकवायला नको होता.

मिशाल उभ्याउभ्याच प्यायला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. मग जायचं सोडून त्याने पेला पुन्हा पुढे केला. फवाजने पुन्हा काठोकाठ भरला. तोही प्यायला. पुन्हा पुढे केला. फवाजच्या चेहऱ्यावर हसू होतं की रडू, त्याचं त्यालाही कळत नसावं. त्याने भांडं उपडं केलं. थेंबभर गाळ पडला.

"संपला," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "उद्या ये."

मिशालने पेला पलंगाशेजारी ठेवला. ठेवताना तो हलवला नाही.